मोटारहोमसाठी ५० अँपिअरची जागा घ्यावी, की ३० पुरे?

मूळ मत
गेल्या जुलैत आम्ही भाड्याचे मोटारहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन अमेरिकेतल्या ॲरिझोनात फिरलो. एसी चालू, गिझर विजेवर राहिलेला, आणि त्यातच इंडक्शनवर खिचडी चढवली. तांदूळ अर्धे शिजतात न शिजतात तोच मेन ब्रेकर पडला. कुटुंबासह उन्हाळ्यात निघणाऱ्यांनी चार पैसे जास्त मोजून कॅम्पग्राउंडवर, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावर, ३०ऐवजी ५० अँपिअरच्या वीजजोडणीचीच जागा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

प्रतिसाद १
असहमत. एसीचे साधारण १३, १८०० वॅटच्या इंडक्शनचे १५ आणि गिझरचे १२ अँपिअर, म्हणजे बेरीज ४० झाली. आपली गाडी ३० अँपिअरची असेल तर तिच्या आतला मेन ब्रेकरही ३०चाच असतो, त्यामुळे ॲडॅप्टर लावून ती ५०च्या सॉकेटला जोडली असती तरी तो पडलाच असता. गिझर गॅसवर टाकून आणि खिचडी होईपर्यंत एसी बंद ठेवून काम भागले असते. दिवे आणि पाण्याचा पंप तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. त्यांची चिंता नको.

प्रतिसाद २
हिशेब मान्य, पण "५० म्हणजे ३०पेक्षा वीसच जास्त" असा समज नवख्यांनी करून घेऊ नये. ३०च्या जोडणीत १२० व्होल्टची एकच फेज असते, म्हणजे ३,६०० वॅट. ५०च्या जोडणीत तशा दोन फेज असतात, म्हणजे १२,००० वॅट. दोन एसींच्या मोठ्या गाडीला हा फरक फार जाणवतो. शिवाय ३०ची सॉकेट वर्षानुवर्षे वापरून ढिली होतात. माझ्या प्लगची एक पिन तापून तिच्याभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले होते. म्हणून छोट्या गाडीसाठीही मी ५०चेच सॉकेट ॲडॅप्टरने वापरतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)
ढिल्या सॉकेटचा मुद्दा रास्त आहे. मात्र भर दुपारी सगळ्यांचे एसी लागून व्होल्टेज घसरते, तेव्हा त्याच खांबावरचे ५०चे सॉकेट आपल्याला वाचवत नाही. व्होल्टेज कमी झाले की एसीची मोटर जास्त करंट ओढून तापते. व्होल्टेज १०४च्या खाली गेल्यावर जोडणी तोडणारे संरक्षक यंत्र घ्यावे. जागेच्या जादा भाड्यापेक्षा तो खर्च सार्थकी लागेल.

मूळ लेखक
सहलीतला जुना फोटो शोधून पाहिला. गाडीचा प्लग तीन पिनांचा आहे, म्हणजे ३०चाच (५०च्या प्लगला चार पिना असतात, हे आता कळले). गिझरची चूक माझी. पण त्या उन्हात, मागे दोन मुले झोपलेली असताना, "एसी बंद ठेवा" हा सल्ला मी घरात कुणाला देऊ शकलो नसतो.