विषय: गणेशोत्सव निधी आणि यवतमाळचा अनाथाश्रम

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

आपल्या इथल्या, परदेशातल्या मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवाची शिल्लक आणि दानपेटी मिळून बऱ्यापैकी रक्कम जमली आहे. दोन प्रस्ताव आलेत. एक, जगभरातल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या मोठ्या संस्थेला एकरकमी देणगी. दुसरा, यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अनाथाश्रम. जागा द्यायला आपले एक जुने देणगीदार तयार आहेत, इमारतीवर मंडळाचं नाव लागेल. माझा कल दुसऱ्याकडे आहे. वार्षिक सभेआधी मतं कळवा.

प्रेषक: एक सभासद

दुसऱ्याला अनुमोदन. आमच्याकडून पाच पंखे.

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम दारव्हा तालुका

सचिवभाऊ, रागावू नका, पण या मुलांना आई आहे. बहुतेकांना आजीही आहे.

मी माहेरी आलेय. सोयाबीनची सोंगणी जोरात आहे. आमच्या गल्लीतच अशी दोन घरं आहेत. बाप गेला, आई पहाटे भाकरी टाकून दुसऱ्याच्या वावरात जाते, लेकरं शाळेत. तुमची इमारत उभी राहिली की काय होईल सांगू? ही बाई स्वतः पोरांना तिथे नेऊन सोडेल. नकोशी झाली म्हणून नव्हे; तिथे दोन वेळचं जेवण आहे म्हणून. आधी नवरा गेला, आता वर्गणी काढून आपण तिची पोरं नेणार.

हे काही माझ्याच डोक्यातलं खूळ नाही. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. निव्वळ गरिबीमुळे मूल आईबापांपासून तोडू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी देणग्या आणि हौशी स्वयंसेवक यायला लागले तसे अनाथाश्रम वाढत गेले, आणि आईबाप हयात असलेली मुलं गावोगावहून आणून त्यात भरली गेली. ऑस्ट्रेलियाने २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अशी तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार धरला. आपल्याकडच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय आहे, आणि नोंदणीशिवाय बालगृह चालवणं गुन्हा आहे.

बरं, मदत नाही असंही नाही. बाल संगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, तेही मूल घरीच राहून. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० आहेत. विधवेला संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० आहेत. आत्महत्येचं प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर एक लाख: ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण कर्ज बिनपरवाना सावकाराचं असलं की प्रकरण बऱ्याचदा ‘अपात्र’ होऊन येतं.

अडतं ते कागदावर. शेजारच्या वहिनीची प्लास्टिकची थैली मी काल उघडून बघितली. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव मारोती, आधारवर मारुती. पोराची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरी. उत्पन्नाचा दाखला काढला होता, त्याची मुदत संपली. अर्जाला घरासमोर उभं राहून आई-लेकरांचा फोटो लागतो. तो आशाताईच्या मोबाईलवर काढलेला, त्यात वहिनीने पदर इतका ओढलाय की बाई कोण ते कळत नाही, म्हणून परत. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली आणि एसटीचं भाडं वेगळं. सोंगणी सोडून ती जाणार कशी?

म्हणून माझा तिसरा प्रस्ताव. तालुक्यातलीच, बारावी-पदवी झालेली, स्कूटी चालवणारी एक बाई पगारावर नेमायची. तिने ही थैली नीट लावायची, सेतू केंद्रात रांगेत उभं राहायचं, खात्यात पैसे पडेपर्यंत पाठ सोडायची नाही, आणि पडायला लागले तरी पोरं शाळेत जातायत ना ते बघायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवली. ३९ गावांतलं ते काम १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात घरी जाऊन बाळ तपासणं आलं. त्यासाठी काही तीनमजली इमारत लागली नव्हती. पंख्यांचे पैसे दादांनी झेरॉक्स आणि पेट्रोलला द्यावेत.

प्रेषक: परतवाडेकर काका

ताई, एकदम बरोबर बोलली. फक्त एक ध्यानात ठेव बावा. सगळ्याच पोट्ट्यांना माय नसते. आमच्याकडे वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी जी लेकरं सांभाळली, ती कोणी स्टेशनवर टाकलेली, कोणी उकिरड्यावर. आंधळी, मुकी, मतिमंद. बाबांनी त्यांना आपलं नाव लावलं. २०२४ ला पद्मश्री मिळाली तरी त्यांचं मागणं तेच: अठरा वर्षं झाली की अशा मुलांना बालगृहातून काढू नका, जातील कुठे? तिथं संस्थाच पाहिजे, दुसरा विलाज नाही. तर सरसकट ‘संस्था वाईट’ असं लिहून ठेवू नका ठरावात.

प्रेषक: खजिनदार

भावना समजल्या, आता पैशाचं. परदेशी पासपोर्टवाल्यांनी दिलेली रक्कम ही भारतात परकीय देणगी धरली जाते, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलं तरीही. ती घ्यायला तिकडच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जातात. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने ते दुसरीला देणंही बंद झालंय. म्हणजे नावाजलेल्या संस्थेला द्या, ती गावातल्या छोट्या गटाला देईल, हा मार्ग नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे यात येत नाहीत. दानपेटीत कोणाचे किती, ते मला सांगता येणार नाही. तेव्हा नोंदणी असलेली, स्वतः गावात काम करणारी संस्था सुचवा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

ताई, पगार एक वर्ष देऊन पुढे काय? तीन वर्षांचं लेखी हवं.

प्रेषक: सचिव

पटलं. काकांची दुरुस्ती ठरावात घेतो. तीन वर्षांचं कार्यकारिणीत बोलू, मला वाटतं जमेल. पण जागा देणाऱ्यांना काय सांगू? त्यांनी वडिलांच्या नावाची पाटीसुद्धा करायला टाकली आहे.

प्रेषक: सभासद, मुक्काम दारव्हा तालुका

त्यांना म्हणावं, पाटी राहू द्या, घर मुलींना द्या. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण आमच्या गावाला संध्याकाळची गाडी चुकली की कॉलेजची पोरगी स्टँडवर अडकते, आणि दोन-चारदा असं झालं की घरचे शिक्षणच बंद करतात. तालुक्याला स्टँडजवळ अकरावी-बारावीच्या मुलींसाठी आठ-दहा खाटांची सोय झाली, तर मुली सोमवारी येतील, शनिवारी आईकडे जातील. परवानगी काय लागते ते आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारते, मगच गृहस्थांना फोन करा. आणि जागा नक्की कुठे आहे ते कळवा. गावाबाहेर माळावर असेल तर उपयोग नाही.