हल्ल्याची भीती, दौरे आणि सामन्याचं तिकीट

तिसरापंच:
सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूझीलंडचा क्रिकेट संघ हल्ल्याच्या भीतीने पाकिस्तानात रावळपिंडीत पहिला सामना सुरू व्हायच्या तोंडावर मागे फिरला, पाठोपाठ इंग्लंडनेही पाकिस्तानचा दौरा रद्द केला. पण हेच इंग्लंड २६/११ नंतर मायदेशी जाऊन परत आलं आणि डिसेंबर २००८ मध्ये चेन्नईत कसोटी खेळलं. एकदा भित्रे, एकदा शूर म्हणून मोकळं व्हायचं, की यामागे हिशेब असतो? आणि तिकीट काढून परदेशी सामना बघायला जाणाऱ्यांनी काय धरून चालायचं?

मिडविकेट:
हिशेब असतो. धमकी मोघम आहे की नेमकी, रोख शहरावर आहे की संघावर, आणि बंदोबस्ताला ती पेलेल का, एवढंच बघायचं. २००८ मध्ये उरलेले दोन एकदिवसीय सामने सोडून दिले आणि कसोट्या अहमदाबाद-मुंबईऐवजी चेन्नई-मोहालीला नेल्या. यात शौर्य कमी, जागेची अदलाबदल जास्त.

रोख संघावरच असेल तर काय होतं बघा: लाहोरला ३ मार्च २००९ रोजी श्रीलंकेच्या संघाच्या बसवर हल्ला झाला तो लिबर्टी चौकात, हॉटेल ते गद्दाफी स्टेडियम या रोजच्या वाटेवर, रोजच्या वेळेला. सहा पोलीस आणि दोन नागरिक गेले. चालकाने बस न थांबवता थेट मैदानात घातली म्हणून संघ वाचला. पाकिस्तानात कसोटी परतली ती डिसेंबर २०१९ मध्ये, तीही श्रीलंकेसोबतच.

न जाण्याचीही किंमत असते म्हणा. १९९६ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज कोलंबोला गेले नाहीत, गुण श्रीलंकेला मिळाले. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियासमोर श्रीलंकाच आली, आणि जिंकलीही!

उत्तरस्टँड:
प्रेक्षकांचा प्रश्न वेगळा. धोका आसनावर कमी, फाटकाबाहेर जास्त. पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१५ ला स्फोट झाले ते स्टेडियमच्या बाहेर. मँचेस्टरला मे २०१७ मध्ये संगीताचा कार्यक्रम सुटल्यावर, लोक बाहेर पडत असताना दालनात स्फोट झाला, २२ जण गेले.

आणि तपासणी वाढवली की रांग वाढते, हा त्यातला पेच. मे २०२२ मध्ये पॅरिसलाच फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याआधी तिकीट बघणं आणि अंगझडती एकाच अरुंद टप्प्यावर ठेवली. हजारो लोक तुंबले, सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. हल्ला नव्हता, चेंगराचेंगरी मात्र थोडक्यात टळली.

म्हणून: दीड-दोन तास आधी आत जा, शेवटच्या अर्ध्या तासातली रांग सर्वांत वाईट. पिशवी नेऊच नका, पिशवीवाल्यांची रांग रेंगाळते. आत गेल्यावर आलात ते सोडून दुसरं दार कुठे आहे ते बघून ठेवा. संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं जागेवर बसा. भेटायची जागा आधीच ठरवा, पण स्टेशनचं किंवा स्टेडियमचं दार नको, दोन चौक पलीकडचं दुकान चालेल. फोन लागत नाहीत तेव्हाही साधा एसएमएस बहुधा जातो.

पॉलिसीधारक:
पैशाचं कुणी बोललं नाही. "भीती वाटली म्हणून गेलो नाही" हे कारण प्रवास विमा मानत नाही. हल्ला झाल्यावर काढलेली पॉलिसी त्या हल्ल्याला लागू होत नाही, म्हणून विमा तिकिटासोबतच काढा. दहशतवादाचा उल्लेख दोन ठिकाणी शोधा: सहल रद्द होण्याच्या कलमात आणि वैद्यकीय खर्चात. एकात असतो, दुसऱ्यात वगळलेला असतो, असं होतं. युद्ध तर जवळपास सगळ्याच पॉलिसी वगळतात.

विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पैसे किंवा दुसरं उड्डाण मिळतं. तुम्ही रद्द केलंत तर तिकिटाच्या अटी. व्हिसाचं शुल्क गेलंच म्हणून समजा.

सामनाच हलवला तर? एप्रिल २०१० मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर स्फोट झाले. त्या दिवशीचा सामना तासभर उशिराने झाला, पण पुढचे आयपीएलचे उपांत्य सामने नवी मुंबईला नेले. अशा वेळी सामन्याच्या तिकिटाचे पैसे परत मिळतीलही, हॉटेलचे कोण देणार? खोली थोडी महाग पडली तरी ऐनवेळी फुकट रद्द करता येईल अशीच घ्या.

तिसरापंच:
भारी माहिती, आभार. सोबत सात वर्षांचं मूल असेल तर?

उत्तरस्टँड:
कडेच्या खुर्च्या घ्या, रांगेच्या मधल्या नकोत. तुमचा फोन नंबर देशाच्या कोडसकट मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लिहा. बॉलपेन घामाने पुसतं, मार्कर वापरा.