नागलीचा संकर घरच्या घरी जमेल का? (करपा आणि लोळणं)

डोंगरवाट: सुरगाण्याकडचा आहे. वरकसावर (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर) २० गुंठे नागली असते. बी आजीचं, गरवी (उशिरा पिकणारी), छातीएवढी वाढते. भाकरी अशी की कालवण नसलं तरी चालतं. पण परतीच्या पावसात लोळते आणि मानेचा करपा येतो. कणीस मानेपाशी काळं पडतं, दाणा भरत नाही. गेल्या साली जीपीयू-२८ ही सुधारित जात लावून बघितली. करपा जवळजवळ नाही, उताराही बरा. पण घरात सगळ्यांची जीभ आजीच्या भाकरीला सोकावलेली. दोघींचा संकर मीच करू शकतो का? सध्या फुलोरा चालू आहे.

मळेवाला: नर-मादी एकाच फुलात आहे, मक्यासारखं नाही ते. दुकानातून बी आण, डोकं लावू नको.

निवृत्त फील्डमन: मळेवाले, दुकानातलं बीसुद्धा कुणीतरी डोकं लावूनच केलेलं असतं.

नाचणीच्या (आमच्या कोल्हापूरकडे नाचणीच) संकराच्या कामावर माझी बावीस वर्षं गेली. भाताच्या फुलातले परागकोश (नराचा भाग) चिमट्याने काढता येतात. नाचणीचं फूल इतकं बारीक की चिमटा लावला की फूलच जातं. त्यात ते उमलतं रात्री एक ते पहाटे पाचच्या दरम्यान. तू चहा पिऊन शेतात पोचेपर्यंत त्याचं लग्न स्वतःशीच लागलेलं असतं.

म्हणून आम्ही थर्मासमध्ये ५२ अंशांचं पाणी न्यायचो. उमलायच्या बेतातलं कणीस त्यात ५ मिनिटं बुडवून धरायचं. पराग मरतात, बीजांड वाचतं. मग बापाचं कणीस शेजारी बांधायचं आणि दोन्हींवर मिळून कागदी पिशवी. एकदा तापमापक बिघडलेला मला कळला नाही आणि चाळीस कणसं उकडून निघाली. एक दाणा मिळाला नाही. साहेब काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

एवढं करूनही संकर झाला की नाही, हे दाण्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी आई हिरवी आणि बाप जांभळ्या पेरांचा घ्यायचा. पुढच्या साली रोपांत जांभळं दिसेल तेवढंच खरं, बाकी सगळी आईचीच पोरं. तुझ्या दोन्ही जाती हिरव्या असतील तर ओळखणार कशी? आणि जमलंच, तरी पुढे सहा-सात हंगाम निवड करत बसावं लागतं, तेव्हा कुठे वाण एकसारखा होतो.

कर्नाटकात मंड्याला नाचणीचे संशोधक लक्ष्मणय्या यांनी आपली नाचणी आणि आफ्रिकेतली नाचणी यांचा संकर केला. 'इंडाफ' जाती त्या, इंडियन-आफ्रिकन. तुझ्या जीपीयू-२८ च्या रक्तात इंडाफच आहे. नाचणी मुळातच आफ्रिकेच्या डोंगरांतली, म्हणजे लेक माहेरी जाऊन शहाणपण घेऊन आली म्हण.

पण तू आत्ताच संकराच्या नादी लागू नकोस. आजीचं बी म्हणजे एक वाण नाही, ती भेसळ आहे, आणि तीच तुझी पुंजी. त्यात न लोळणारी, करपा न आलेली झाडं असणारच. कापणीआधी अशी शंभर झाडं हेर, दोरा बांध, एकेकाचं कणीस वेगळं ठेव. पुढच्या साली एका कणसाची एक ओळ लाव. नाचणीत परपरागण (दुसऱ्या झाडाचा पराग लागणं) जेमतेम टक्काभर, त्यामुळे ओळ आईसारखीच निघते. दर दहा ओळींनंतर एक ओळ जीपीयू-२८ ची, तुलनेला. आणि कडेने सगळ्यात जास्त करपणारं बी मुद्दाम पेर. रोग आलाच नाही तर कोण सोसतं ते कळणार कसं? युरिया मारून लाड करू नकोस. भाकरीची परीक्षा तिसऱ्या साली, दळणापुरता दाणा झाला की.

डोंगरवाट: काका, आणि यातून चांगलं निघालं तर बी गावात विकता येतं का? कंपनीवाले अडवतील?

निवृत्त फील्डमन: वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचा हक्क आहे. फक्त दुसऱ्याच्या नोंदणी झालेल्या वाणाचं बी ब्रँडच्या पिशवीत घालून विकायचं नाही. स्वतःचा वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवताही येतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंची बियाणे बँक जाऊन बघ, आजीला घेऊन जा.

डोंगरवाट: काका, काल शंभर दोरे बांधले. संध्याकाळी आजी आली आणि तीसेक सोडून टाकले. म्हणाली, "ही बांधाकडची. ऊन जास्त, जागा जास्त, म्हणून माजलीत. मधल्या गर्दीत उभं राहिलं ते झाड घे."

निवृत्त फील्डमन: आम्हाला हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. सोडलेले तीस दोरे आता आजीच्या हातूनच बांधून घे.