आवडीचं काम धरावं की पोटाचं? मधमाशीपालनाच्या निमित्ताने

कारवी: नोकरी सोडून मधमाशीपालन करावं का, या प्रश्नावर: मन रमतं ते काम धरलं की आयुष्याला दिशा मिळते, हे मला पटतं. फक्त नेमकं काय आवडतं ते आधी तपासा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधमाशीपालनासाठी 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथले फोटो पाहून ओढ वाटणं साहजिक आहे, पण नोकरी सोडू नका. सातेरी या देशी मधमाशीच्या दोन पेट्या वर्षभर सांभाळा. दोन अशासाठी, की एकीतली राणी मेली तर दुसरीतली ताजी अंडी असलेल्या पोळ्याची चौकट देता येते आणि माश्या नवी राणी घडवतात. खरी परीक्षा पावसाळ्यात. माश्यांना पुरेशी फुलं मिळत नाहीत, साखर-पाणी समभाग करून पाक द्यावा लागतो, तोही संध्याकाळी आणि पेटीच्या आत. बाहेर सांडला की दुसऱ्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात.

सरळहिशोब: वर्ष थांबून आकडे बदलतात का? सातेरीची पेटी चांगल्या जागी वर्षाला ५ ते ८ किलो मध देते. १० पेट्या, ६ किलो, भाव ५०० रुपये धरा: ३०,००० रुपये, खर्च वजा न करता. पोट भरायचं तर मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या शंभरेक पेट्या आणि फुलोरा असेल तिथे त्या ट्रकने नेणं. मोहरीसाठी थंडीत राजस्थान. नेण्याआधी रात्री माश्या परतल्या की पेट्यांची दारं जाळीने बंद करायची. हवा कोंडली तर पेटीच्या पेटी गुदमरून मरते. रानात पेटीपाशी शांत बसायला आवडणाऱ्याने हे का करावं? आवड पोटापाण्याला जुंपू नये. सुट्टीच्या दिवसासाठी ठेवावी.

रानजांभूळ: हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. तुम्ही फक्त मध मोजलात. कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटला परागीभवनासाठी पेट्या लागतात, वसाहती, म्हणजे राणीसकट पेटीतल्या माश्या, विभागून विकता येतात. पेटीत हात घातल्याशिवाय या वाटा दिसतच नाहीत. आवड दिशा देते ती अशी.

सरळहिशोब: त्याच प्लॉटवर भर दुपारी कीटकनाशक फवारलं की दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. फवारणी संध्याकाळनंतर आणि आदल्या दिवशी कळवून, हे शेतकऱ्याशी आधी लेखी ठरवलंत का?

रानजांभूळ: ठरवायलाच हवं. हेही त्या कामातच शिकायचं.

कारवी: दोघांच्याही मुद्द्यांसाठी वही लागेल. फुलोरा वाढला की दर ७ दिवसांनी पेटी उघडा. तारीख, ताजी अंडी दिसली का, किती चौकटी माश्यांनी भरल्यात, एवढंच लिहा. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबणारी राणीघरं दिसली, तर वसाहत विभागायच्या तयारीला लागा. पंधरवडा आळस केला तर जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उडून जाते. रिकाम्या पडलेल्या पोळ्यांत मेणपतंगाच्या अळ्या जाळं विणतात आणि सातेरी मग पेटीच सोडते. वर्षभराने वही उघडा. पानं सलग भरलेली असतील तर सरळहिशोबांचा आकडा समोर ठेवून पुढचं ठरवा. श्रावणातच पानं कोरी पडली असतील, तर तुम्हाला मध आवडतो, माश्या नव्हे.