सीटी स्कॅनला नातेवाईकाला आत उभं करतात का?

कृष्णाकाठ_कराड
बाबा ७१ वर्षांचे, शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू. परवा पोटाचा सीटी झाला, कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून औषध देऊन करतात तो. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. दोन तास बाकड्यावर बसवलं आणि मग एकदम घाई, काउंटरवरच्या पोराने फॉर्म पुढे सरकवला, इथे सही करा म्हणाला, मी केली, खरं सांगतो वाचला नाही. किडनीचं कुणी विचारलं नाही, गोळ्यांचं पण नाही. बाबांचा खांदा दुखतो, हात वर राहीना, तर मला म्हणाले तुम्हीच धरा. मी आत नुसत्या शर्टावर, टेक्निशियन काचेपलीकडे! आता बायको डोकं खातेय की तुला रेडिएशन लागलं. सगळीकडे असंच असतं का?

सीटीवाला
१२ वर्षं या मशीनवर काढलीत म्हणून लिहितो. आधी तुमचं. वहिनींना सांगा घाबरू नका, तुम्हाला लागतं ते पेशंटच्या अंगावरून उसळलेलं, बाबांना मिळालं त्याच्या मानाने फारच थोडं. पोटाच्या सीटीत पेशंटलाच साधारण ८-१० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) जातं, छातीच्या एक्सरेला ०.१ च्या आसपास. पण रेडिएशन अडवणारा शिशाचा एप्रन न देता आत उभं केलं ही चूकच. इलाज नसेल तर नातेवाईक धरतात, मात्र लेड एप्रन घालून, आणि बाई असेल तर दिवस गेलेत का हे विचारून. खांदेदुखीवाल्यांना आम्ही उशी देऊन पट्टा लावतो, दोन मिनिटं जास्त जातात एवढंच.

किडनीचं म्हणाल तर कॉन्ट्रास्ट किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून शुगरवाल्याला ते देण्याआधी क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) ताजा रिपोर्ट बघायचाच असतो. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही, किडनी मंदावली तर ते अंगात साचतं, भानगड तिथे आहे. गोळी चालू ठेवायची का ते डॉक्टरला विचारा, आणि उद्याच क्रिएटिनिन करून घ्या.

माईची_लेक
उलटा अनुभव. आईच्या एमआरआयला तिथल्या ताईंनी तीनदा विचारलं अंगावर काही धातूचं आहे का. मंगळसूत्र, जोडवी काढली होती, मी वैतागले, किती वेळा तेच. मग त्यांनी स्वतः चाचपलं तर अंबाड्यात दोन आकडे आणि परकराच्या नाडीला सेफ्टीपिन!! आई म्हणते ती कायमच असते गं, लागते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत नायर हॉस्पिटलला काय झालं आठवतंय ना, नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआय रूममध्ये गेला आणि चुंबकाने ओढला, जीव गेला त्याचा. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं असं बातम्यांत आलेलं.

सीटीवाला
तेच तर. एमआरआयचा चुंबक बंद नसतोच, रात्री नाही, रविवारी नाही. आवाज थांबला की लोकांना वाटतं बंद झालं.

सदाशिव_पेठी
तक्रार करून उपयोग शून्य. पुढच्या वेळी तेच तुम्हाला आणखी दोन तास बसवतील.

सीटीवाला
काका, अगदी शून्य नाही. सीटीला एईआरबीचं, म्हणजे सरकारच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं, लायसन्स लागतं आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून एक माणूस नेमलेला असावा लागतो. तो कोण आहे एवढं काउंटरवर विचारा, चेहरे बघा. एमआरआय एईआरबीकडे येत नाही, त्यात एक्सरेच नसतात.

कृष्णाकाठ_कराड
अपडेट. क्रिएटिनिन १.१ आलं, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, गोळी चालू ठेवा. आज फिल्म आणायला गेलो तेव्हा विचारलंच की बाबा रे एप्रन असतो कुठे. दाराआडच्या स्टुलावर होता, चौघडी घालून, वर कुणाचातरी जेवणाचा डबा.

सीटीवाला
घडी??? अहो घडीवर आतलं शिसं चिरतं, मग घातला काय न घातला काय. हँगरला टांगतात तो.