मदत हवी आहे: फोनच्या कॅल्क्युलेटरवर 'डेग' आणि 'रॅड'चा घोळ

भाचीला त्रिकोणमिती शिकवतोय. फोनच्या कॅल्क्युलेटरवर साइन ३० चं उत्तर ०.५ यायला हवं, तिथे -०.९८८ येतं. टॅन ४५ ला १ च्या जागी १.६१९८. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमध्ये आहे एवढं कळलं, कारण ३० अंशांचं साइन ऋण येणं शक्यच नाही. अडचण त्यापुढची आहे.

फोन आडवा केला की जादा बटणं दिसतात. त्यांत एकावर 'डेग' लिहिलंय. ते दाबलं की त्याच जागी 'रॅड' येतं. मग 'डेग' दिसतंय म्हणजे आत्ता अंश चालू आहेत, की दाबल्यावर चालू होतील? दोन्ही अर्थ लागतात.

दुसरा प्रश्न भौतिकशास्त्राचा. दोलनांच्या गणितात कोनीय वारंवारता गुणिले काळ करून १.२ आले आणि त्याचं साइन घ्यायचं आहे. अंश धरले तर ०.०२०९, रेडियन धरले तर ०.९३२. पुस्तकात त्या १.२ पुढे काहीच लिहिलेलं नाही. कुठलं घ्यायचं ते ओळखायचं कसं? तिला नुसतं 'हे बटण दाब' सांगायचं नाहीये, कारणही कळायला हवं.

प्रतिसाद १
बऱ्याच फोनवर बटणावर पुढचा मोड लिहिलेला असतो आणि चालू मोड वर, आकडे उमटतात तिथे कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसतो. पण सगळे ॲप असं करत नाहीत, त्यामुळे अक्षरांवर विसंबू नका. साइन ९० करून बघा. १ आलं तर अंश, ०.८९४ आलं तर रेडियन. काही कॅल्क्युलेटरवर 'ग्रॅड' हा तिसरा मोडही असतो, त्यात काटकोनाचे १०० भाग धरतात, तिथे ०.९८७७ येईल. साइन ० करून मात्र काही कळणार नाही, ते तिन्हींत शून्यच.

प्रतिसाद २
दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रेडियन म्हणजे वर्तुळाच्या कंसाची लांबी भागिले त्रिज्या. लांबीला लांबीने भागलं की उरते नुसती संख्या, म्हणून पुढे एकक लिहीत नाहीत. अंश असतील तर चिन्ह असतंच. तेव्हा चिन्ह नसलेला कोन, त्यातही पाय (π) असलेला किंवा कोनीय वारंवारतेतून आलेला, रेडियनच धरायचा. तुमचं उत्तर ०.९३२.

याचं कारण भाचीला असं दाखवा: रेडियन मोडमध्ये साइन ०.१ काढा, ०.०९९८ येतं, म्हणजे जवळपास कोनाइतकंच. कोन लहान करत न्याल तसं हे साम्य वाढत जातं. अंशांत हे होत नाही, तिथे साइन ०.१ म्हणजे ०.००१७४५. साइनचं विकलन (म्हणजे बदलाचा दर) कॉस येतं ते या गुणामुळेच. अंश वापरले तर दर वेळी पाय भागिले १८० हा गुणक मागे लागतो. दोलनांची सूत्रं विकलनातूनच येतात, म्हणून तिथे रेडियन हवेतच. भूमितीत, सर्वेक्षणात, उंची-अंतराच्या गणितांत अंश ठेवा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार! 'डेग' दिसत असताना साइन ९० केलं तर ०.८९४ आलं. म्हणजे माझ्या फोनवर बटण पुढचाच मोड दाखवतं. ०.१ चं उदाहरण भाचीला फार आवडलं, ती आता ०.०१ आणि ०.००१ घेऊन बसली आहे. एक राहिलं: व्यस्त टॅन १ केलं तर ०.७८५४ येतं. इथेही मोडचाच परिणाम ना?

प्रतिसाद २
हो. साधं टॅन घेताना तुम्ही भरलेला कोन कशात आहे ते मोड ठरवतो, व्यस्त घेताना बाहेर येणारा कोन. ०.७८५४ ला १८० ने गुणून पायने भागा, ४५ येतील. उलट, रेडियन मोड न बदलता ३० अंशांचं साइन हवं असेल तर ३० गुणिले पाय भागिले १८० हे सगळं कंसात टाका. फक्त आधी अंदाजे आकृती काढायची सवय तिला लावा. व्यस्त टॅनमध्ये चुकीच्या मोडचं उत्तर ऋण येत नाही, त्यामुळे साइन ३० सारखं ते लगेच डोळ्यांत भरत नाही.

प्रतिसाद १
लॉग, वर्गमूळ, घातांक यांवर मोडचा काही परिणाम होत नाही, ती काळजी सोडा. आणि पुढेमागे ती स्प्रेडशीटमध्ये साइन वापरणार असेल तर तिथे मोडचं बटणच नसतं, कोन कायम रेडियनमध्येच द्यावा लागतो.