टंचाईतली भाववाढ की नफेखोरी? सीमारेषा आखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका वादविवादात 'टंचाईत भाव वाढवणे हा गुन्हाच' या बाजूने बोलायचे आहे. विषय कळला तेव्हा सोपा वाटला होता. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्यांची बाजू कोण घेणार? पण विरोधी मुद्दे वाचायला घेतले आणि अडकलो.

त्यांचे म्हणणे असे, की भाव चढला की लोक गरजेपुरतेच घेतात आणि लांबून माल आणणे व्यापाऱ्याला परवडते. भाव दाबला तर माल गायब. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. 301 मध्ये कमाल किमती ठरवल्या, त्या मोडणाऱ्याला देहदंड ठेवला. तरी भीतीपोटी माल बाजारातून नाहीसा झाला, असे त्या काळचा लेखक लॅक्टँटियस लिहितो. (हा गृहस्थ सम्राटाचा कट्टर टीकाकार, हे सोडून देता येत नाही.)

याला माझ्याकडे उत्तर आहे. चढ्या भावाला गरज दिसत नाही, खिसा तेवढा दिसतो. गरजेपुरतेच घ्यायला लावायचे तर माणशी मर्यादाही घालता येते. आणि गोदामात आधीच पडून असलेला माल रातोरात भाव वाढवून एका नगानेही वाढत नाही.

काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांचा 1986 चा अभ्यास इथे कामी येईल. 15 डॉलरची बर्फ उपसायची फावडी हिमवादळाच्या दुसऱ्या सकाळी दुकानदाराने 20 डॉलरला केली, हे कसे वाटते? 82 टक्के लोक म्हणाले, अन्याय्य. पण खरेदीच महागली म्हणून वाढवलेला भाव बहुतेकांना पटला. कॅलिफोर्नियाचा कायदाही त्याच वळणाचा आहे: आणीबाणी जाहीर झाली की जीवनावश्यक वस्तूंचा भाव आधीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, मात्र आपलाच खर्च वाढल्याचे दाखवणाऱ्याला सूट मिळते.

आता घोडे अडले आहे ते इथे. व्यापारी म्हणतो, "आजचा माल जुन्या भावाने विकला, तर त्या पैशात उद्या तेवढा माल येणार नाही. माझे भांडवलच आटेल." मला हे निव्वळ ढोंग वाटत नाही. छोट्या दुकानदाराच्या बाबतीत तर अजिबात नाही, त्याने स्वतःच चढ्या भावाने उचललेले असते आणि खरी मलई वरच्या साठेबाजाने खाल्लेली असते. गिऱ्हाइकाच्या शिव्या मात्र याला.

हिशेब किंवा कायद्यातल्या जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नफेखोरी ठरवताना जुन्या साठ्याची मूळ खरेदी किंमत धरावी, की पुढच्या खरेदीची? आणि साखळीत तीन-चार हात असतील, तर नेमका कोणी फुगवला हे खरेदीच्या बिलांवरून शोधता येते का, की बिलेच दोन नंबरची निघतात?

साठेबाजांवरचा संताप नको, तो माझ्याकडे भरपूर आहे. मुद्दे द्या. विरुद्ध बाजूचे असले तरी चालतील.